अभंगाचं रसग्रहण: फॉर्म, छंद आणि मूड

अभंगाचं रसग्रहण म्हणजे त्याची बांधणी कशी आहे, छंद कुठला आणि त्यातून काय भाव उभा राहतो हे एकत्र बघणं. शाळेत आपण हे मुद्दे सुटे सुटे लिहितो, पण अभंगात ते असे सुटे होत नाहीत.

अभंग हा अक्षरछंद, म्हणजे फक्त अक्षरं मोजायची, लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ अक्षरं) बघायचं नाही आणि जोडाक्षर एकच धरायचं (रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात या वृत्तात आहेत, तिथे मात्र लघु-गुरूचा क्रम पक्का). मोठ्या अभंगात पहिले तीन चरण ६-६ अक्षरांचे, चौथा ४ चा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. लहान अभंगात ८-८ चे दोन चरण, 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले' हा तसा.

आता तुकोबांचे दोन मोठे अभंग शेजारी ठेवून बघा. 'आम्हां घरीं धन / शब्दांचींच रत्नें / शब्दांचींच शस्त्रें / यत्न करूं', मोजलं तर बरोबर ६, ६, ६, ४. 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया', हेही तेच माप, पण मूड किती वेगळा! पहिल्यात 'शब्दांचींच' लागोपाठ दोनदा येतं, रत्नांवरून एकदम शस्त्रांवर उडी, आणि ४ अक्षरांचा आखूड चरण 'करूं' या क्रियापदावर ठाम थांबतो, म्हणून तिथे निर्धार जाणवतो. दुसऱ्यात नजर विटेवरून कमरेवरच्या हातांकडे सरकते, यमकही 'वरी-वरी' असं मऊ जुळतं, आणि शेवटचं 'ठेवोनिया' वाक्य पुरं करतच नाही, ते तसंच लांबतं, डोळे हलत नाहीत अशी ती ओळ आहे. म्हणजे नुसता छंद ओळखून भाव कळत नाही, त्या मापात शब्द कसे बसवलेत ते बघावं लागतं.

आणि माप चुकलं म्हणून कवीला लगेच दोष देऊ नये. 'सुंदर ते ध्यान' या अभंगातच पुढे 'तुळसीहार गळा' आणि 'आवडे निरंतर' दोन्ही ७ अक्षरी आहेत, कागदावर खटकतात, पण अभंग टाळ-चिपळ्यांवर गायचा असतो आणि म्हणताना ते जास्तीचं अक्षर सहज सामावून जातं, त्यामुळे मोठ्याने म्हटल्याशिवाय छंदाबद्दल काही ठरवूच नये.

शेवटच्या कडव्यात 'तुका म्हणे' ही नाममुद्रा येते, आणि तीही अक्षरांत धरायची: 'तुका म्हणे माझें' झाली ६.