गोवा मुक्ती, १९६१ : लष्करी कारवाईचे समर्थन आणि त्यावरील वाद

डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा, दमण व दीव हे पोर्तुगीज अंमलाखालील प्रदेश लष्करी बळाने ताब्यात घेतले. ‘ऑपरेशन विजय’ या नावाने ओळखली जाणारी ही कारवाई १७-१८ डिसेंबरच्या रात्री सुरू झाली आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियु व्हासालो ई सिल्व्हा यांच्या शरणागतीने संपली. भारताचे २२ व पोर्तुगालचे सुमारे ३० सैनिक कामी आले, असे सामान्यतः मानले जाते. लढाईचा तपशील इतरत्र विपुल उपलब्ध आहे. प्रस्तुत नोंदीचा विषय या कारवाईचे राजकीय व कायदेशीर समर्थन आणि त्यावरील आक्षेप हा आहे. भारताने आपली बाजू सर्व ठिकाणी एकाच भूमिकेवरून मांडली नाही. सुरक्षा परिषदेतील युक्तिवाद वेगळा, देशांतर्गत राजकारणातील वेगळा आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेला त्याहून वेगळा आहे. या तिन्हींची सरमिसळ झाल्याने पुष्कळ चर्चा भरकटलेली दिसते.

पोर्तुगालचा दावा : आफोंसु द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला. तेव्हापासून साडेचारशे वर्षे अखंड सार्वभौमत्व आहे आणि भारतीय प्रजासत्ताक तर १९५० चे, हा लिस्बनचा मुख्य आधार होता. तो जसाच्या तसा मान्य करता येत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे आलेला भाग म्हणजे तिसवाडी, बार्देश व साष्टी, अर्थात ‘जुन्या काबिजादी’ (आधी जिंकलेले प्रदेश). पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे विस्ताराने मोठे असलेले ‘नव्या काबिजादी’चे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती आले. म्हणजे गोव्याच्या बहुतांश भूभागावरील पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये दोनशे वर्षांचीही नव्हती. अर्थात पावणेदोनशे वर्षांचा निर्वेध ताबाही आंतरराष्ट्रीय कायद्यात कमी वजनाचा नसतो. भारतीय लेखक हा मुद्दा बहुधा सोडून देतात.

दुसरा आधार घटनात्मक होता. १९५१ च्या घटनादुरुस्तीने पोर्तुगालने आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले. १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाल्यावर, आपल्याकडे वसाहतीच नसल्याने त्यांची माहिती संघाला देण्याचा प्रश्न उद्भवत नाही, अशी भूमिका त्याने घेतली. ही भूमिका महासभेने फेटाळली. १५ डिसेंबर १९६० च्या १५४२ क्रमांकाच्या ठरावात अस्वायत्त प्रदेशांची जी यादी आहे, तीत गोवा व त्याच्या अधीन प्रदेशांचा स्पष्ट उल्लेख आहे. कारवाईच्या बरोबर वर्षभर आधीचा हा ठराव भारताच्या हातातील सर्वांत भक्कम कागद होता.

१७७९ चा करार व हेगचा निकाल : या वादाची सर्वांत सखोल न्यायिक छाननी गोव्याबाबत नव्हे, तर दादरा व नगर हवेलीबाबत झाली. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये तेथील पोर्तुगीज सत्ता स्वयंसेवकांनी उलथून टाकली. दमणहून या अंतर्गत प्रदेशात जाण्याची वाट भारताने रोखल्याची तक्रार पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केली. पोर्तुगालची मदार पेशवे व पोर्तुगीज यांच्यात १७ डिसेंबर १७७९ रोजी झालेल्या पुणे करारावर होती. सवाई माधवराव तेव्हा अल्पवयीन होते व कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. मराठ्यांच्या आरमाराने पकडलेल्या ‘सांताना’ या जहाजाच्या भरपाईपोटी हा प्रदेश दिला गेला, असे परंपरेने सांगतात. करारानुसार दमणलगतच्या गावांतून सालीना बारा हजार रुपयांचा महसूल पोर्तुगिजांना मिळायचा होता. गावे नेमून देणाऱ्या सनदा त्यानंतर १७८३ व १७८५ मध्ये निघाल्या.

या दस्तऐवजांनी नेमके काय दिले, राज्य की उत्पन्न? पोर्तुगालच्या म्हणण्याप्रमाणे प्रदेशाचे सार्वभौमत्वच त्याच्याकडे आले. भारताचे म्हणणे असे, की ही सरंजामाची नेमणूक होती. सरंजामदाराला वसूल मिळतो, मुलूख त्याचा होत नाही आणि दिलेला सरंजाम धनी परत घेऊ शकतो. न्यायालयाने येथे भारताचे म्हणणे उचलून धरले. मराठ्यांना सार्वभौमत्व द्यायचे असे तेव्हा कायमस्वरूपी हस्तांतर दर्शवणारे शब्द ते वापरत. या सनदांत तसे शब्द नाहीत, असे न्यायालयाने नोंदवले. मराठेशाहीच्या दप्तरी व्यवहाराशी परिचय असलेल्या कोणालाही हा निष्कर्ष पटण्यासारखा आहे. तथापि पोर्तुगालचा दावा तेवढ्याने संपला नाही. इंग्रज या भागाचे धनी झाल्यावर त्यांनी पोर्तुगिजांचे सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले आणि स्वतंत्र भारतानेही तेच चालू ठेवले, असे न्यायालयाने ठरवले.

१२ एप्रिल १९६० चा निकाल म्हणूनच दुहेरी आहे. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना १९५४ मध्ये मार्गाधिकार, म्हणजे भारतीय भूमीवरून ये-जा करण्याचा हक्क, होता (११ विरुद्ध ४ मते). सशस्त्र दले, पोलीस व शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता (८ विरुद्ध ७). आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही (९ विरुद्ध ६). दोन्ही देशांनी हा आपलाच विजय असल्याचे जाहीर केले. भारतीय वृत्तपत्रांतून पोर्तुगालचा दावा साफ बुडाल्याची जी समजूत रूढ झाली, ती निकालाच्या वाचनाने टिकत नाही. उलट, सशस्त्र दलांना वाट नाकारून न्यायालयाने दादरा-नगर हवेली पोर्तुगालला परत मिळण्याची शक्यता व्यवहारतः संपवली, हेही खरे. ऑगस्ट १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने तो प्रदेश भारतात समाविष्ट झाला.

सत्याग्रहाकडून बळाकडे : राममनोहर लोहिया यांची १८ जून १९४६ ची मडगावची सभा, १९५४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली गोवा विमोचन सहायक समिती, मे १९५५ मधील ना. ग. गोरे व सेनापती बापट यांची तुकडी हा इतिहास मराठी वाचकांना परिचित आहे. वादाच्या दृष्टीने महत्त्वाचा दिवस १५ ऑगस्ट १९५५. त्या दिवशी पत्रादेवीसह सीमेवर ठिकठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे मेली. नेहरूंनी त्यानंतर लष्कर पाठवले नाही, एवढेच नव्हे तर सामूहिक सत्याग्रहालाही मनाई केली. आर्थिक नाकेबंदी मात्र चालू राहिली. सहा वर्षांनी त्याच पंतप्रधानांनी सैन्य पाठवल्यामुळे टीकाकारांच्या हाती आयते शस्त्र आले. इतर राष्ट्रांना शांततेचे धडे देणाऱ्या देशाने स्वतःच्या प्रश्नात ते गुंडाळून ठेवले, असे पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी लिहिले. पण १९५५ मध्ये सैन्य न पाठवण्याची किंमत सत्याग्रहींनी व तुरुंगातल्या गोमंतकीयांनी चुकवली होती, याची दखल त्या टीकेत क्वचितच आढळते. सशस्त्र लढा देणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे मुक्तीनंतरही पोर्तुगालच्या कैदेत होते आणि १९६९ मध्ये सुटले.

तात्कालिक कारण म्हणून भारताने नोव्हेंबर १९६१ मधील घटना पुढे केल्या. १७ नोव्हेंबरला पोर्तुगीजांच्या ताब्यातील अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी जहाजावर गोळीबार झाला. पुढच्याच आठवड्यात त्याच परिसरात एक मच्छीमार मारला गेला. या घटना खऱ्या आहेत. त्यांवरून पोर्तुगीज आक्रमणाचा धोका सिद्ध होतो, हे मात्र मानणे कठीण आहे. गोव्यातील पोर्तुगीज फौज साडेतीन ते चार हजारांच्या घरात, तुटपुंज्या शस्त्रांनिशी होती व तिच्याकडे लढाऊ विमाने नव्हती. स्वसंरक्षणाचा मुद्दा भारताच्या युक्तिवादातील सर्वांत कच्चा दुवा आहे.

खरी कारणे कोणती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. फेब्रुवारी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुका तोंडावर होत्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते, यावर काही जण भर देतात. दुसरे मत आफ्रिकेकडे बोट दाखवते : १९६१ च्या आरंभी अंगोलात उठाव झाला, ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतवादावर चर्चासत्र भरले आणि तेथे जमलेल्या आफ्रिकी नेत्यांनी भारताच्या सबुरीवर उघड नाराजी व्यक्त केली. नेहरूंनी कारवाईची तारीख पुढे ढकलली होती, हे पाहता केवळ निवडणुकीचा हिशेब पुरेसा वाटत नाही. आफ्रिकी दबावाचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य दिसते.

सुरक्षा परिषदेतील वाद : पोर्तुगालच्या तक्रारीवर १८ डिसेंबरला परिषद बसली. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी मूळ प्रश्न वसाहतवादाचा असल्याचे सांगितले. १५१० चे आक्रमणच बेकायदा आणि वसाहतीची राजवट म्हणजे चालू असलेले आक्रमण. गोवा भारताचाच भाग असल्याने स्वतःच्या भूमीवर आक्रमण होऊच शकत नाही, अशी मांडणी त्यांनी केली. राष्ट्रसंघाची सनद असो वा नसो, या भूमिकेपासून भारत हटणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार पुढे विरोधकांनी वारंवार उद्धृत केले. अमेरिकेचे आडले स्टीव्हन्सन यांनी, प्रश्न गोवा कोणाचा हा नसून सनदेने निषिद्ध केलेले बळ वापरता येईल काय हा आहे, असे उत्तर दिले. हे चालवून घेतले तर ज्या नाटकाचा शेवट राष्ट्रसंघाच्या मृत्यूत होईल त्याचा हा पहिला अंक ठरेल, असा इशाराही त्यांनी दिला.

सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांचा, पोर्तुगालला दोष देणारा ठराव ४ विरुद्ध ७ मतांनी पडला. युद्धबंदी व सैन्य मागे घेण्याची मागणी करणाऱ्या पाश्चात्त्य ठरावाला ७ मते मिळाली, ४ विरोधात गेली. सोव्हिएत नकाराधिकाराने तो बाद झाला. मतांची ही विभागणी नीट पाहण्याजोगी आहे. दोन्ही वेळा भारताच्या बाजूने तेच चार देश होते, त्यांतील तीन आशिया-आफ्रिकेतले.

सनदेतील शब्दांपुरते पाहिल्यास स्टीव्हन्सन यांची बाजू वरचढ ठरते. परंतु पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी वाटाघाटीचे दार वर्षानुवर्षे बंद ठेवले होते, आणि चौदा डिसेंबरच्या संदेशात आपल्या सैनिकांना विजय किंवा मृत्यू एवढेच दोन पर्याय ठेवले होते. अशा शासनापुढे शांततेचा कोणता मार्ग उरला होता, याचे समाधानकारक उत्तर परिषदेत कोणी दिले नाही. व्हासालो ई सिल्व्हा यांनी तो संदेश बाजूला ठेवून हजारो जीव वाचवले; पोर्तुगालमध्ये त्यांना लष्करातून बडतर्फ करण्यात आले.

भारताच्या मांडणीतही एक अंतर्विरोध राहिला. वसाहतींच्या मुक्तीसंबंधीचा १९६० चा ठराव (क्रमांक १५१४) लोकांच्या स्वयंनिर्णयावर उभा आहे. त्याचा आधार घेणाऱ्या भारताने गोव्यात सार्वमत घेण्यास नकार दिला, कारण आपल्याच भागात सार्वमत घेण्याचे कारण नाही. काश्मीरच्या प्रश्नाची छाया या भूमिकेवर होती, असे मानण्यास जागा आहे. गोमंतकीयांनी स्वतः केलेला प्रतिकार, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यापासून आझाद गोमंतक दलापर्यंतचा, हे खरे तर सर्वांत सबळ समर्थन होते. भूमी आमची आहे, यावर सारा भर दिल्याने तेथील माणसांची साक्ष मागे पडली.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका : पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवलेल्या एका धर्मगुरूने, गोवा हा व्याप्त (परकीय सैन्याने ताब्यात ठेवलेला) प्रदेश असल्याने आपल्याला युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या जिनीव्हा करारांचे संरक्षण मिळावे, असा दावा केला. १९६९ मध्ये न्यायालयाने तो अमान्य केला : शरणागतीनंतर प्रदेश भारतात पूर्णपणे समाविष्ट झाला व लष्करी व्याप्ती संपली. १९८१ मध्ये खाणींच्या पोर्तुगीजकालीन सवलतींसंबंधीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. गोवा जिंकून मिळवलेला प्रदेश असल्याने पूर्वीच्या सत्तेने दिलेले हक्क नवी सत्ता मान्य करील तेवढेच टिकतात, असा निर्णय त्याने दिला. गोवा मुळातच भारताचा होता, या झा यांच्या प्रतिपादनाशी हा सिद्धान्त जुळत नाही. खाणपट्टेधारकांच्या दाव्यांपुरता तो सोयीचा होता.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या व १,३८,१७० मते महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने पडली. पोर्तुगालकडे परत जाण्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. त्यामुळे १९६१ च्या समर्थनार्थ हा कौल काही लेखक वापरतात, तसा तो वापरता येत नाही.

पोर्तुगालमधील हुकूमशाही एप्रिल १९७४ मध्ये कोसळली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण व मारियो सोआरिश यांनी करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली हे प्रदेश ज्या तारखांना भारताचा भाग झाले, त्याच तारखांपासून पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.