डॉ. लागू बेचाळिशीत अचानक नट झाले नव्हते

डॉ. श्रीराम लागू यांनी वयाच्या बेचाळिशीत एके दिवशी डॉक्टरकी सोडली आणि तोवर रंगभूमीशी काही संबंध नसताना ते थेट ‘नटसम्राट’ झाले, ही कथा पुण्यात आजही मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. १९६९ साली ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून ते पूर्णवेळ अभिनेते झाले, एवढेच तिच्यात तथ्य. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असल्यापासून ते नाटकात कामे करीत होते आणि भालबा केळकरांच्या सोबतीने प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे आपली ‘पीडीए’, उभी करणाऱ्यांत ते होते. त्यामुळे कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून व्यवसाय सुरू झाला तेव्हा हौशी रंगभूमीवर ते मुळीच नवखे नव्हते. डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘नटसम्राट’ नाटकातल्या गणपतराव बेलवलकरांमागे अशी सुमारे दोन दशकांची तालीम होती. (चमत्काराची गोष्ट सांगायला सोपी जाते, तालमींची नाही.) ‘पिंजरा’तला मास्तर त्यानंतरचा, १९७२ मधला, ‘घरौंदा’सारखे हिंदी चित्रपट त्याहून पुढचे.