नोल्दोर आणि सिंदार: जाऊन परतलेले आणि वाटेत राहिलेले

जे. आर. आर. टोल्किन यांच्या मध्यभूमीच्या कथा वाचताना एल्फ या अमर लोकांच्या ज्या दोन शाखांची सर्वाधिक गल्लत होते, त्या म्हणजे नोल्दोर आणि सिंदार. १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये गॅलाड्रिएल आणि तिचा पती केलेबॉर्न एकाच वनराज्याचे अधिपती आहेत, आणि लेगोलासही वरकरणी त्यांच्यापैकीच वाटतो. प्रत्यक्षात गॅलाड्रिएल पितृकुळाने नोल्दोर आहे, केलेबॉर्न सिंदार आहे, तर लेगोलासचे घराणे सिंदार असले तरी त्याच्या पित्याची बहुतेक प्रजा तिसऱ्याच गटातली आहे. याची उकल मिळते ती ‘द सिल्मारिलियन’ या ग्रंथात. लेखकाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७७ साली, त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी तो संपादित करून प्रसिद्ध केला. तो वाचताना वंशावळीआधी प्रवासाचा मार्ग समजून घ्यावा, असे माझे मत आहे, कारण राजघराण्यांचे मान, हक्क आणि वैर हे सारे त्या मार्गावर कोण कुठे थांबले यावरून ठरले.

एल्फ प्रथम जागे झाले ते मध्यभूमीच्या दूर पूर्वेला, कुइव्हिएनेन नावाच्या जलाशयाकाठी; तेव्हा सूर्य आणि चंद्र अस्तित्वात आलेले नव्हते. जगाचा सांभाळ करणाऱ्या वालार या देवतुल्य शक्तींपैकी ओरोमे याला ते सापडले आणि वालारांनी त्यांना पश्चिम समुद्रापलीकडच्या वालिनोरमध्ये येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. एल्फ साशंक होते, म्हणून आधी इंग्वे, फिन्वे आणि एल्वे हे तिघे दूत म्हणून तिकडे जाऊन आले. तिथल्या दोन वृक्षांचा प्रकाश पाहून ते भारावले आणि पुढे आपापल्या समूहाचे राजे झाले. निमंत्रण नाकारणारे अवारी पूर्वेलाच राहिले. निघालेल्यांचे तीन समूह होते: इंग्वेचे वान्यार, फिन्वेचे नोल्दोर, आणि एल्वे व त्याचा भाऊ ओल्वे यांच्या नेतृत्वाखालचे तेलेरी. वान्यार पुढे वालिनोरमध्ये पोहोचले आणि आपल्या विषयाच्या बाहेर गेले.

तेलेरी हा सर्वांत मोठा समूह, आणि सर्वांत रेंगाळणाराही. त्यांच्यातली एक तुकडी धुक्याच्या पर्वतरांगांपाशीच मागे फिरून महानदी अँडुइनच्या काठाने दक्षिणेकडे वळली. त्या नांदोरांचे वंशज म्हणजेच पुढचे वनवासी एल्फ. उरलेले बेलेरिआंद या पश्चिमेकडील प्रदेशात पोहोचले आणि तिथे त्यांचा राजाच हरवला. नान एल्मोथच्या रानात एल्वेला मेलियन भेटली. ती वालारांच्याच जातकुळीतली, पण त्यांच्याहून कनिष्ठ अशा मायारांपैकी होती. तिचा हात हाती घेतलेला एल्वे कित्येक वर्षे जागच्या जागी मंत्रमुग्ध उभा राहिला. दरम्यान वान्यार आणि नोल्दोर समुद्र ओलांडून गेले. ओल्वेही बहुसंख्य तेलेरींना घेऊन निघाला आणि अल्क्वालोंदे या बंदराचा राजा झाला. जे एल्वेला शोधत राहिले ते, आणि नौकाकार किर्दानबरोबर जे किनाऱ्यावर राहिले ते, मिळून सिंदार झाले. म्हणजे सिंदार आणि अल्क्वालोंदेचे तेलेरी हे एकाच रक्ताचे. त्यांना वेगळे केले ते एका समुद्राने.

रानातून बाहेर आलेला एल्वे आता थिंगोल या नावाने डोरिआथचा राजा झाला आणि मेलियन त्याची राणी झाली. त्याचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. वृक्षांचा प्रकाश पाहिलेले ते प्रकाशाचे एल्फ आणि न पाहिलेले ते अंधाराचे, अशी एल्फांमध्ये वर्गवारी होती. सिंदार दुसऱ्या वर्गात पडतात. परंतु थिंगोल पूर्वी दूत म्हणून वालिनोरला जाऊन आलेला असल्यामुळे तो एकटा पहिल्या वर्गात मोडतो. तरीही पुढे नोल्दोर राजपुत्र फेआनोर याचा मुलगा कारांथिर त्याला कुत्सितपणे ‘अंधाराचा एल्फ’ म्हणतो, यात कारांथिरचे अज्ञान जास्त दिसते की उर्मटपणा, हे सांगणे कठीण आहे.

नोल्दोर वालिनोरला पोहोचले, तिथे रत्नकलेत आणि विद्येत निष्णात झाले, आणि मग बंड करून परत आले. त्यांच्या राजघराण्यातली फूट मात्र या परतीच्या आधीची आहे. फिन्वेची पहिली पत्नी मीरिएल पुत्र फेआनोरच्या जन्मानंतर देह सोडून गेली. फिन्वेने वान्यार कुळातील इंदिसशी दुसरा विवाह केला आणि तिला फिंगोल्फिन व फिनार्फिन हे पुत्र झाले. सावत्र भावांमधील ही तेढ वालारांपैकीच पण दुष्ट झालेल्या मॉर्गॉथने हेरली आणि वाढवली. पुढे त्याने दोन्ही वृक्षांचा नाश घडवला, फिन्वेला ठार केले आणि फेआनोरने घडवलेली सिल्मारिल ही तीन रत्ने पळवली. ती परत मिळवण्याची भयंकर शपथ फेआनोर आणि त्याच्या सात पुत्रांनी घेतली. मध्यभूमीकडे जाण्यासाठी त्यांना जहाजे हवी होती. अल्क्वालोंदेच्या तेलेरींनी ती देण्यास नकार दिला, तेव्हा नोल्दोरांनी त्यांची कत्तल करून ती बळकावली. समुद्र ओलांडल्यावर फेआनोरने ती जहाजे जाळून टाकली, त्यामुळे मागे राहिलेल्या फिंगोल्फिनच्या लोकांना उत्तरेकडील हेल्काराक्से हा बर्फाचा जीवघेणा पट्टा पायी तुडवावा लागला. फिनार्फिन वाटेतूनच परतला आणि वालिनोरमध्ये उरलेल्या नोल्दोरांचा राजा झाला. त्याची मुले मात्र पुढे गेली, आणि गॅलाड्रिएल त्यांतलीच एक.

मध्यभूमीत फेआनोर लवकरच मारला गेला. त्याचा थोरला पुत्र माएध्रोस याने राजपदावरचा हक्क सोडला आणि ते धाकट्या पातीच्या फिंगोल्फिनकडे गेले. त्याच्यामागून ते त्याचा पुत्र फिंगोन, मग दुसरा पुत्र तुर्गोन, आणि अखेरीस गिल-गलाद याच्याकडे आले. गिल-गलादचा पिता कोण, याबाबत सावध राहावे: छापील ग्रंथात तो फिंगोनचा पुत्र आहे, पण तो निर्णय चुकीचा होता, असे क्रिस्टोफर टोल्किन यांनीच नंतर मान्य केले. लेखकाच्या उत्तरकालीन टिपणांत तो फिनार्फिनच्या शाखेत, ओरोद्रेथचा पुत्र म्हणून येतो.

सिंदारांकडे अशी भाऊबंदकी नाही. तिथे एकच राजा आणि एकच कन्या. थिंगोलची मुलगी लूथिएन हिने बेरेन या मानवाशी विवाह केला, त्यामुळे थिंगोलनंतर डोरिआथचे राज्य तिच्या मुलाकडे, डिओरकडे, गेले. बेरेन आणि लूथिएन यांनी मॉर्गॉथच्या मुकुटातून काढून आणलेले सिल्मारिल या घराण्याला भोवले: त्यापायी आधी बुटक्यांनी थिंगोलला मारले, आणि मग फेआनोरच्या पुत्रांनी डोरिआथवर चाल करून डिओरला ठार केले.

दोन्ही घराण्यांचे संबंध कळण्यासाठी नाती नीट लावावी लागतात. फिनार्फिनची पत्नी एआर्वेन ही ओल्वेची मुलगी, म्हणजे थिंगोलची पुतणी. म्हणून गॅलाड्रिएल आणि तिच्या भावांचा थिंगोल हा आजोळकडून चुलत आजोबा लागतो, आणि परतलेल्या राजपुत्रांपैकी डोरिआथचे दार उघडले गेले ते फक्त फिनार्फिनच्या मुलांसाठी. त्यांनी अल्क्वालोंदेची गोष्ट बराच काळ दडवून ठेवली. ती बाहेर आली तेव्हा मारले गेलेले लोक आपल्याच भावाची प्रजा होते, हे थिंगोलला कळले, आणि त्याने आपल्या राज्यात नोल्दोरांच्या क्वेन्या भाषेवर बंदी घातली. तेव्हापासून नोल्दोरही रोजच्या व्यवहारात सिंदारीन बोलू लागले आणि क्वेन्या विधींची व विद्येची भाषा होऊन राहिली. गॅलाड्रिएल आणि केलेबॉर्न एकच भाषा बोलतात, त्यामागे राजाच्या संतापातून निघालेले हे फर्मान आहे.

पुढे डिओरची मुलगी एल्विंग आणि तुर्गोनचा दौहित्र एआरेंदिल यांचा विवाह झाला. एल्रॉंड हा त्यांचा पुत्र. त्याच्या ठायी थिंगोल आणि फिंगोल्फिन या दोघांचेही रक्त एकत्र येते, म्हणून त्याला निव्वळ नोल्दोर किंवा निव्वळ सिंदार म्हणणे चुकीचे ठरते. डोरिआथचा आणखी एक सिंदार, ओरोफेर, पूर्वेकडे जाऊन वनवासी एल्फांचा राजा झाला. थ्रांडुइल हा त्याचा पुत्र आणि लेगोलास नातू. दुसऱ्या युगाच्या अखेरीस मॉर्गॉथचा सेवक सॉरॉन याच्याविरुद्धच्या युद्धात गिल-गलाद आणि ओरोफेर दोघेही पडले. गिल-गलादनंतर मध्यभूमीत नोल्दोरांचा महाराजा कोणी झाला नाही आणि एल्रॉंडनेही ते पद घेतले नाही. थ्रांडुइल मात्र पित्याच्या जागी बसला आणि तिसरे युग संपले तेव्हाही तोच राज्य करत होता.