खोकल्याच्या गोळ्या आणि जठरातला जिवाणू

एंडोस्कोपी करताना, म्हणजे कॅमेऱ्याची नळी तोंडातून जठरात सोडून तपासताना, डॉक्टर जठराच्या अस्तराचा अगदी बारीक तुकडा काढतात आणि पिवळ्या जेलीत टाकतात. ती जेली गुलाबी व्हायला लागली की समजायचं, आत हेलिकोबॅक्टर पायलोरी आहे. हा जिवाणू युरिएज नावाच्या विकराने युरियापासून अमोनिया बनवतो आणि त्याच्या आडोशाने जहाल आम्लातही तग धरतो. जेलीचा रंग पालटतो तोही त्या अमोनियामुळेच.

तिखटाने आणि काळजीने अल्सर होतो, असं पूर्वी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी या जिवाणूकडे बोट दाखवलं, पण ते कुणाला पटेना. १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जिवाणूंचं द्रावण प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

त्यानंतर क्लॅरिथ्रोमायसिन व अमॉक्सिसिलिन ही दोन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी (आम्लरोधक) हा उपचार रूढ झाला. बरीच वर्षं तो छान चालला. आता जगात अनेक ठिकाणी क्लॅरिथ्रोमायसिन लागू पडेनासं झालं आहे, आणि याचं मूळ बऱ्याचदा पोटाच्या नव्हे, खोकल्याच्या औषधांत असतं.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो आणि उपचार झाला नाही तर दशकानुदशकं राहतो. म्हणजे मधल्या काळात घेतलेलं प्रत्येक अँटिबायोटिक त्याच्याही वाट्याला येतं. साध्या विषाणूजन्य सर्दी-खोकल्यावर ॲझिथ्रोमायसिनचा काही उपयोग नसतो, तरी ते सर्रास घेतलं जातं. ते क्लॅरिथ्रोमायसिनचंच भावंड. दोन्ही औषधं जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर, जवळपास एकाच जागी चिकटतात आणि प्रथिनं बनणं थांबवतात. त्या जागेच्या जनुकात एक अक्षर बदललं तरी औषधाची पकड सुटते. अशा अर्धवट माऱ्यात सगळे जिवाणू मरत नाहीत, बदललेले तेवढे मागे उरतात आणि वाढतात. जुलाबावर मेट्रोनिडाझोल घेण्याची आपल्याकडची सवयही अशीच नडली आहे. भारतात त्याला दाद न देणारे जिवाणू फार आढळतात.

म्हणून आता चार औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स पुढे आला आहे: आम्लरोधक, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. बिस्मथला हे जिवाणू अजून सरावलेले नाहीत. त्याच्या जोडीने पुरेसा डोस पुरेसे दिवस दिला, तर मेट्रोनिडाझोलही बरंचसं काम करून जातं. बिस्मथने शौच काळी होते. ते पाहून घाबरून कोर्स सोडू नये. आम्लरोधकही नुसता जळजळीसाठी नसतो: आम्ल उतरलं की जिवाणू वाढू लागतात, आणि वाढत्या जिवाणूंवरच बरीच अँटिबायोटिक्स नीट चालतात.

बरं वाटलं म्हणजे जिवाणू गेला असं नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करावीच लागते, आणि त्याआधी दोन आठवडे डॉक्टरांना विचारून आम्लरोधक थांबवावा लागतो. ती टाळणं मला धोक्याचं वाटतं, कारण १९९४ पासून हा जिवाणू कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. चाचणीत तो पुन्हा सापडला, तर आधी फसलेलं क्लॅरिथ्रोमायसिन परत देत नाहीत. आता ते बदललेलं अक्षर पीसीआर या जनुकीय चाचणीने शौचाच्या नमुन्यातही शोधता येतं. ही सोय तालुक्याच्या गावी पोहोचली, तर डॉक्टरांना पहिलंच औषध अंदाजाने निवडावं लागणार नाही.