पऱ्हाटी हाक मारते तेव्हा

चोपड्याजवळच्या एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात सप्टेंबरच्या सकाळी नाना कामगंध सापळ्याची पिशवी सोडून पतंग मोजत होते. तपकिरी, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे. सापळ्याच्या टोपीखालच्या ल्यूरकडे, म्हणजे आमिषाकडे, बोट करून म्हणाले, "याले तं काहीच वास नही भो." मी नाक जवळ नेलं. मलाही आला नाही.

पिशवीतले सगळे पतंग मात्र नर होते. त्या ल्यूरमध्ये गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा गंध भरलेला असतो. रात्री मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून तो सोडते. वाऱ्यावर आलेले त्याचे मोजके रेणू नराच्या मिशांना लागले की तो वाऱ्याच्या उलट दिशेने उडत निघतो. कीटकांच्या अशा गंधाची रासायनिक ओळख पहिल्यांदा पटली ती १९५९ साली. जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी त्यासाठी रेशीमकिड्यांच्या सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी वापरल्या होत्या.

बोंडअळीने शास्त्रज्ञांना बराच चकवा दिला. आधी एक संयुग 'हाच तो गंध' म्हणून जाहीर झालं आणि ते चुकीचं निघालं. खरा गंध सापडला १९७३ मध्ये, आणि तो एक रेणू नव्हताच, दोन होते. दोघांतले अणू तेच, संख्याही तीच. फरक फक्त साखळीतल्या एका दुहेरी बंधापाशी ती कुठल्या बाजूला वळते एवढाच. दोन्ही साधारण निम्मे-निम्मे मिसळले तर नर धावून येतो. म्हणूनच हिरव्या बोंडअळीची ल्यूर लावून गुलाबी अळीचा अंदाज घेता येत नाही. दुकानातून ल्यूर घेताना एवढं नक्की बघावं. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा, ही शिफारस याच मोजणीवर उभी आहे.

पण रानात बोलतात ते काही फक्त किडेच नाहीत.

कपाशीचं पान उन्हासमोर धरलं की काळे ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचं विष असतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत ठिपके नसलेली कपाशी तयार केली गेली, सरकी माणसांनाही खाता यावी म्हणून. तिच्यावर एरवी कपाशीकडे न फिरकणारे किडेही तुटून पडले. गाई-म्हशींना आपण सरकी आणि ढेप घालतो ती चालते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गॉसिपॉल बरंचसं बांधलं जातं. लहान वासराला मात्र ते सोसत नाही.

विषाला न जुमानणारी अळी आली, तर कपाशी दुसरा उपाय करते, आणि मला सगळ्यात थक्क करतो तो हाच. पान कुरतडलं जाताच ताज्या कापलेल्या गवतासारखा वास सुटतो. पुढे दिवसभरात झाड नवे गंध बनवू लागतं आणि ते न कुरतडलेल्या पानांतूनही सोडतं. परोपजीवी गांधीलमाशी या गंधाच्या मागावर येते आणि अळीच्या अंगात अंडी घालते. १९९८ साली तंबाखू, मका आणि कपाशीवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की कुरतडणारी अळी बदलली की झाडाचा गंधही बदलतो, आणि माशी आपल्या कामाची अळी कुठल्या झाडावर आहे ते त्यावरून ओळखते.

बोंडात शिरलेली गुलाबी अळी यातून बरीचशी सुटते. २०१७ च्या हंगामात तर आपल्याकडे तिने मोठा घात केला. पण पहिल्या महिन्या-दीड महिन्यात गरज नसताना मारलेलं जहाल औषध या माश्यांनाही संपवतं, आणि मग झाडाने हाक मारली तरी यायला कोणी उरत नाही. मला हे फार लागतं.

नानांनी एक पान उलटं केलं. मधल्या शिरेवर इवलासा खळगा होता आणि त्यात मधाचा थेंब. फुलाशी संबंध नसलेला हा मध माश्या आणि मुंग्यांसाठी असतो. अळी लागली की कपाशी तो वाढवते. खळग्यापाशी तीन मुंग्या होत्या. पिशवीत पतंग निघाले पाच. नानांनी आकडा वहीत लिहिला आणि पिशवीला पुन्हा गाठ मारली.