गाज कुठली आणि वारा कुठला?

समुद्रावरून परतलेला माणूस फोन पुढे करतो, "ऐक, काय गाज आहे!" म्हणतो आणि ऐकू येते नुसती घरघर. मधेच काहीतरी कोसळल्यासारखं वाटतं, तेवढाच काय तो समुद्र. बाकी सगळा वारा, आणि तोही फोनच्या माइकवर आदळलेला. अशा व्हिडिओंखाली 'सागराचं संगीत' असं लिहिलेलं दिसलं की मला मनापासून वाईट वाटतं. समुद्र समोर होता, आवाज करत होता, आणि तो ऐकायचाच राहून गेला.

माइकचं जे होतं तेच कानाचंही होतं. वारा कानाच्या पाळीवर येऊन भोवरे घेतो, त्यांनी हवेचा दाब भराभर कमी-जास्त होतो आणि आपल्याला खोल, घोगरा आवाज ऐकू येतो. हा आवाज लांबून आलेला नसतोच, तो कानापाशी तयार होतो. खात्री करायची असेल तर मान हळूहळू वळवा. एका कोनात तो एकदम पडतो, दुसऱ्या कोनात उसळतो. लाटांचा आवाज मान वळवल्याने इतका बदलत नाही. मोठ्या खडकाच्या आडोशाला बसलात तर कानावरची घरघर जवळजवळ संपते आणि लाटा राहतात.

शंख कानाला लावल्यावर ऐकू येतो तो समुद्र नव्हे, हे बहुतेकांना माहीत आहे: आसपासचेच आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात. माडाच्या झावळ्यांची सळसळ पावसासारखी वाटते, पण वर पाहिलं की शंका फिटते. या दोन्हींवर वेळ घालवायचं कारण नाही. सुरूच्या झाडांचा सूर मात्र भल्याभल्यांना लाट वाटतो.

सुरूची पानं म्हणून आपण जे पाहतो त्या खरं तर बारीक हिरव्या काड्या असतात. वारा काडीला वळसा घालून जाताना मागे एकाआड एक भोवरे सुटतात आणि काडी गाते. चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये या सुराचं गणित मांडलं: वारा जितका जोराचा आणि काडी जितकी बारीक, तितका सूर वर. साधारण १ मिलिमीटर जाडीच्या काडीवरून सेकंदाला ५ मीटर वेगाने वारा गेला तर सूर १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या, आसपास लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की सूरही दुप्पट वर जातो. म्हणून झोत येताना सुरूचा आवाज चढत जातो आणि झोत ओसरताना उतरतो.

लाटेचं तसं नाही. लाटेचा आवाज मुख्यतः बुडबुड्यांचा असतो. लाट फुटताना हवा पाण्यात कोंडली जाते, तिचे बुडबुडे होतात आणि जन्मल्या क्षणी प्रत्येक बुडबुडा थरथरतो. त्याचा सूर ठरतो त्याच्या आकारावर. मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये काढलेल्या सूत्रानुसार १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३३०० हर्ट्झवर वाजतो, १ सेंटिमीटरचा सुमारे ३३० वर. फेसाचे लोटच्या लोट एकत्र थरथरले की त्याहून खोल गर्जना उठते. जवळ उभं राहून एकच लाट शेवटपर्यंत ऐका. आधी धप्प, मग गडगडाट, मग फेस वाळूवर पसरताना बारीक चरचर. म्हणजे लाट खालच्या सुरात सुरू होते आणि वरच्या सुरात विरते. झोतासारखी चढून पुन्हा उतरत नाही. किनारा उताराचा असेल तर धप्प मोठा, सपाट असेल तर चरचर लांबलचक. गोट्यांचा किनारा असेल तर पाणी मागे सरताना गोटे एकमेकांवर घासतात, तो खळखळाट वेगळाच.

इथवर फारसं कुणी चुकत नाही. घोटाळा होतो तो लांबून ऐकताना. आपल्याला पक्कं वाटत असतं की समुद्र म्हणजे लय: आली, गेली, आली, गेली. म्हणून किनाऱ्यापासून अर्धा-एक किलोमीटर आत, झाडीत बसलेल्या माणसाला आवाज वाढताना आणि ओसरताना ऐकू आला की तो म्हणतो, "लाटा ऐकू येतायत." खरं तर ते वाऱ्याचे झोत असतात. गाज लांबून लयीत येत नाही. किनाऱ्याच्या सगळ्या लांबीवर लाटा एकाच वेळी फुटत नाहीत. इथे एक कोसळत असते, तिथे एक ओसरत असते. तुम्ही पाण्याजवळ असता तेव्हा पुढ्यातली लाट बाकीच्यांवर मात करते, म्हणून लय जाणवते. लांब गेलात की सगळ्या लाटा तुमच्यापासून जवळपास सारख्याच लांब असतात, त्यांचे चढउतार एकमेकांत बुजतात आणि उरतो एक अखंड, सपाट, खोल घुमार. बारीक चरचर तर वाटेतच हवा शोषून घेते. हा घुमार इतका एकसारखा असतो की कान त्याची दखलच घेत नाही, किंवा लांबच्या रस्त्यावरची वाहनं समजून सोडून देतो. लय शोधणाऱ्याला वारा सापडतो आणि खरी गाज त्याच्या मागे वाजत राहते.

त्यामुळे माझं सांगणं असं, की लांबून ऐकताना चढउतार सोडा आणि झोतांच्या मधल्या खंडात काय उरतं ते ऐका. पानं स्थिर झाल्यावरही जे थांबत नाही, ती गाज.

"रात्री समुद्र खवळतो" हेही याच गोंधळाचं एक पिल्लू. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वरची तुलनेने उबदार राहते आणि वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. शिवाय इतर गलबला थांबलेला असतो. लाटा दुपारइतक्याच असल्या तरी गाज जास्त आतपर्यंत पोचते.

"आज वारा नाही, समुद्रावर काय ऐकायचं?" या प्रश्नाने मी वैतागतो. वारा नसलेला दिवस हाच ऐकण्याचा दिवस! किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा इथल्याच वाऱ्याने उठवलेल्या असतात असं नाही. हजारो किलोमीटरवरच्या वादळाने उठवलेल्या लाटा काही दिवसांनी वारा पडलेल्या किनाऱ्यावर येऊन पोचतात. दोन लाटांमधलं अंतर मोजा. चार-पाच सेकंद असेल तर लाटा बहुधा जवळच्याच वाऱ्याच्या. बारा-पंधरा असेल तर लांबून आलेल्या. या दुसऱ्या लाटा मला केव्हाही जास्त प्रिय. त्यांच्यात दोन कोसळण्यांच्या मधे इतकी जागा असते की एकीची चरचर पुरती संपल्यावरच पुढचीचा धप्प येतो, आणि त्या मधल्या जागेत ओल्या वाळूवरचे बुडबुडे फुटतानाही ऐकू येतात. त्यासाठी पहाटे जा, पाण्यापासून दहा-पंधरा पावलांवर बसा, आणि स्पीकर घरीच ठेवा.