पर्जन्यछायेतील मिशन : नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या संस्थेचा विषय निघाला की तिचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, मुलींच्या शाळा आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांची आठवण होते. मात्र या मिशनच्या कामाला जी वळणे मिळत गेली, त्यांत नगरकडच्या अवर्षणाचा वाटा धर्ममतांइतकाच मोठा होता, असे मला वाटते.

बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. मुंबईच्या दमट हवेत आणि साथींत सुरुवातीची अनेक माणसे दगावली, आणि १८३१ च्या डिसेंबरात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे उघडताना देशावरची कोरडी हवा तरी प्रकृतीला मानवेल, हीही एक अपेक्षा होती. ती लगेच खरी ठरली नाही. पहिल्या तुकडीतील विल्यम हार्वे वर्ष पुरे होण्याआधीच पटकीने गेले.

नगर जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्याचा डोंगरपट्टा सोडला तर वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही दोन-चार मोठ्या सरींत उरकतो. खाली काळा कातळ असल्यामुळे पाणी फारसे मुरत नाही. निजामशाहीने बाहेरगावच्या विहिरींचे पाणी खापरी नळांनी नगर शहरात आणले होते, म्हणून शहरात राहणाऱ्यांचे त्या मानाने बरे चाले. खेड्यात ठाणे टाकणाऱ्या मिशनऱ्याला मात्र पहिला हिशेब विहिरीचाच करावा लागे. पिण्याचे पाणी पखालीतून किंवा घागरींनी यायचे, बागेचे मोटेने. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून पाणी भरत, त्यामुळे नारूचा, म्हणजे पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमीचा, उपद्रव सर्वत्र होता. जाड भिंती, रुंद पडव्या आणि दारांवर पाणी मारलेले वाळ्याचे पडदे हे उन्हाळ्याचे उपाय खरे, परंतु पडदे भिजवायलाही पाणीच लागे, आणि ज्या वर्षी ते सर्वांत जास्त हवे असे, त्याच वर्षी विहिरीने तळ गाठलेला असे.

कामाचे वेळापत्रकही हवामानानेच ठरवले. दिवाळीनंतर बैलगाडीत राहुट्या घालून गावोगाव फिरायचे, चैत्र-वैशाखात मुक्कामी राहायचे आणि जमल्यास महाबळेश्वर किंवा दक्षिणेतील पलनीच्या डोंगरांकडे जायचे, असा क्रम बसला. नेवाशाजवळच्या वडाळ्यात दीर्घकाळ राहिलेले सॅम्युएल फेअरबँक यांना शेती आणि पक्षी दोहोंचे वेड होते. पलनीच्या डोंगरातील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे आडनाव आजही आहे. दौऱ्यात राहुटी कोठे ठोकायची, हे सावली आणि पाणी पाहूनच ठरे. दुष्काळात माणसांच्या आधी बैलांचा प्रश्न उभा राही, कारण कडबा संपला की दौरा संपला.

तथापि पाण्याची अडचण केवळ आभाळाची नव्हती. मिशनचे बहुतेक ख्रिस्ती हे महार आणि मांग समाजांतून आलेले होते. गावच्या विहिरीवर चढायची त्यांना बंदी असे; धर्म बदलला म्हणून ती उठत नसे. नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरणे हा त्यांचा रोजचा परिपाठ होता. साहेबाला विहिरीचे पाणी मिळे आणि त्याच्याबरोबर आलेल्या उपदेशकाला काठाशी ताटकळावे लागे. अशा गावांत मिशनच्या आवारात खणलेल्या विहिरीला चर्चच्या इमारतीइतकेच महत्त्व होते.

१८७६-७८ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मिशनचे रूप पालटले. दुसऱ्या दुष्काळात मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ह्यूम मदतकार्याच्या अग्रभागी होते. १९०० मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ जहाजाने मक्याची मदत आली. अनाथ मुले मोठ्या संख्येने मिशनकडे आली आणि या मुलांना पुढे जगवायचे कसे, हा प्रश्न धान्य वाटून सुटणारा नव्हता. कोरडवाहू जमिनीला त्यांचा भार पेलणे शक्य नसल्यामुळे औद्योगिक शाळा, विणकाम आणि अभियंता डी. सी. चर्चिल यांचे सुधारित हातमाग पुढे आले. पोटासाठी झालेले धर्मांतर कितपत खरे, ही शंका त्या काळी मिशनच्या आतही होती आणि बाहेरही. ती गैरलागू नव्हती.

१९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस आला. मात्र जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर हे तालुके त्या कालव्यांबाहेर कोरडेच राहिले.

पाण्याच्या कामाचा पुढचा टप्पा शेजारच्या जिल्ह्यांत घडला. जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने १९६० च्या दशकात कातळात कूपनलिका खोदायला सुरुवात केली, तेव्हा बिडाचे हातपंप टिकत नाहीत असे आढळले. ते एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले होते आणि येथे अख्खे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यावर हापसत असे. त्यावर पोलादी आणि एकाच सांध्यावर हलणाऱ्या दांड्याचा ‘जालना पंप’ तयार झाला. सोलापूरच्या वेल सर्व्हिसने तो सुधारला, आणि युनिसेफच्या साहाय्याने १९७० च्या दशकात त्यातूनच ‘इंडिया मार्क टू’ हा गावोगावचा हापसा उभा राहिला.

नगरमध्ये जेझुइट या कॅथलिक संघाचे स्विस फादर हर्मन बाखर यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरींपेक्षा माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोट अडवण्याकडे लक्ष वळवले. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था स्थापन केली. गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करावी, अशी या कार्यक्रमाची अट होती. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत विहिरींना पाणी आले, पण शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांना चराईबंदी जड गेली आणि गावात त्यावरून वाद झाले.